जानरावचे अकरा सेकंद

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी तो सरळ आमच्या ह्यांच्याकडे दिला. स्टुडिओबद्दल कुणी काही विचारलं की ते ह्यांनाच विचारत असणार, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. ह्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि फोन परत माझ्या हातात ठेवला. "तुले मागून राह्यले," म्हणाले. संपादकांना पडद्यामागच्या कामाबद्दल लिहून हवं होतं.

आमच्याकडे पडदा म्हणजे खराच पडदा आहे. नांदुऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ. पुढे काउंटर, मग पासपोर्ट फोटोचं स्टूल, त्यामागे लाल मखमली पडदा आणि पडद्याच्या मागे टेबल, कॉम्प्युटर आणि मी. लग्नाच्या शूटिंगला हे जायचे. आणलेलं सगळं कापायचं, जोडायचं, गाणी लावायची आणि सीडी तयार करायची हे काम माझं. याला मिक्सिंग म्हणतात. सीडीवर नाव ह्यांचं असायचं. मिक्सिंग छान झालंय असं कुणी काउंटरवर बोललं तर हे पडद्याकडे बोट दाखवायचे; पण गिऱ्हाइकाला वाटायचं, कॉम्प्युटरकडे दाखवतायत.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि शूटिंगची कामं कमी झाली. त्याऐवजी लोक मोबाइल, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड घेऊन यायला लागले. त्यात शेकड्यांनी फोटो. "याचा व्हिडिओ करून द्या." घराचं बांधकाम, विहिरीचं खोदकाम, नातवाचं पहिलं वर्ष. हळूहळू तेच माझं मुख्य काम झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले फोटोच असतात. सेकंदाला पंचवीस फोटो डोळ्यांसमोरून गेले की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत, माणूस चालताना दिसतो. शाळेत आम्ही वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं भरभर सोडायचो, तोच प्रकार. या कामाचं सॉफ्टवेअर मला इक्बालभाईंनी इंटरनेटवरून फुकट उतरवून दिलं होतं. इक्बालभाईंचं दुकान आमच्यासमोर. वायरिंगची आणि कॅमेरे बसवायची कामं करतात. सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत आणि मी बारावी झालेली, म्हणून मी एक वही केली. कुठली चौकट भरली की काय होतं ते त्यात लिहायचं. पहिल्या चौकटीत फोटोंचं फोल्डर. दुसरीत एक आकडा, सेकंदाला किती फोटो दाखवायचे त्याचा. आणि त्याखाली खूण करायची एक सोय होती: एकसारखे फोटो काढून टाका. ही सोय माझी फार आवडती. लोक एका पोजचे दहा-दहा फोटो आणतात, ते निवडण्यात माझी दुपार जायची. ती खूण केली की सॉफ्टवेअर स्वतःच निवडून टाकायचं.

एकदा देऊळघाटचे एक म्हातारे शेतकरी बुलडाण्याहून बसनं आमच्याकडे आले. बुलडाण्यात इतके स्टुडिओ असताना इतक्या लांब का, असं मी विचारलं. तिथं सगळे ओळखीचे आहेत, बातमी फुटेल, म्हणाले. त्यांच्या शेताला लागून ज्याचं शेत होतं तो दर वर्षी धुरा त्यांच्या बाजूला सरकवतो असा त्यांचा संशय. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तीन वर्षं दर अमावस्येला जाऊन त्यांनी धुऱ्याचा फोटो काढला होता. मी व्हिडिओ केला. साताठ सेकंदांचा झाला, आणि त्यात धुरा खरंच सरकत होता. पण कधी इकडे, कधी तिकडे, अजगरासारखा. बाबा दर वेळी वेगळ्या जागी उभे राहिले होते. मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी पुन्हा पाहिला, डावीकडे सरकला तेवढाच भाग मागितला आणि खुशीत घेऊन गेले. त्या भागाचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच दिसलं होतं.

आता जिनाची गोष्ट सांगते. संपादकांनी दोन-तीन किस्से मागितले आहेत, पण मला लिहायचं आहे ते हेच.

जिन म्हणजे जिनिंगचा कारखाना. कापसातली सरकी वेगळी करतात. आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात, घरापेक्षा उंच. हिवाळ्यात ऐन हंगामात गावाबाहेरच्या एका जिनात दुपारी एका गंजीला आग लागली. बंब आले, बाकीच्या गंज्या वाचल्या, पण ती गंजी पूर्ण गेली. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. माणूस कुणी दगावला नाही.

तिसऱ्या दिवशी जिनाचे शेठ आमच्याकडे आले. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचं काम आम्ही केलेलं, त्यामुळे घरोबा. डोळे लाल झाले होते, दोन दिवस झोपले नसावेत. त्यांच्या हातात पेनड्राइव्ह होता. आवारातला कॅमेरा जुना, तो व्हिडिओ काढायचा नाही, ठरावीक वेळानं नुसते फोटो साठवायचा. आगीच्या वेळेच्या तासाभराचे फोटो काढून आणले होते, साडेतीन हजारांवर. "वहिनी, हे एकेक करून कोन पाहीन? चालता व्हिडिओ करून द्या. ठान्यातल्या साहेबांले दाखवाचा हाय," म्हणाले.

मी ते काम त्याच दिवशी केलं, आणि खरं सांगायचं तर मन लावून केलं. फोटो लावून पाहिले तर त्यात नुसतं रिकामं आवार. गंजी, आवार, गंजी, आवार. मध्येच एखादा माणूस. एवढं कोण पाहत बसेल? एकसारखे फोटो काढून टाकायची खूण केली, पण एकही फोटो निघाला नाही. मी विचार केला आणि कारण सापडलं. फोटोच्या खालच्या बाजूला घड्याळाची पट्टी होती. आवार तेच असलं तरी घड्याळातला आकडा बदललेला, म्हणून सॉफ्टवेअरला प्रत्येक फोटो वेगळा वाटत होता. मी सगळ्या फोटोंची खालची पट्टी कापली. मग खूण केली. साडेतीन हजारांचे आठशे उरले. आपल्याला हे सुचलं याचा मला इतका आनंद झाला की मी ते वहीत लिहून ठेवलं. नंतर आकडा. सेकंदाला एक, दोन, पाच असं करून पाहिलं, माणसं ठेचकाळल्यासारखी दिसत होती. दहा केल्यावर बरं दिसलं. दहा ठेवलं.

व्हिडिओ मिनिट-सव्वा मिनिटाचा झाला. त्यात एक माणूस गंजीच्या मागून येतो, झपाट्यानं पळत आवार ओलांडतो आणि फाटकातून बाहेर जातो. तो गेल्याबरोबर गंजीच्या बुडातून धूर निघतो. मग धावपळ. शेठनी तो काउंटरवर उभं राहून तीनदा पाहिला. "हा त जानराव होय," म्हणाले. हात जोडले आणि गेले.

जानराव जिनातला हमाल, पिंपळगाव राजाचा. आगीच्या दोन दिवस आधी सुट्टीवरून त्याची मुकादमाशी बोलाचाली झाली होती, आणि आगीच्या दिवशी तो कुणाला न सांगता घरी निघून गेला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर झाला. कुणी कुणाला पाठवला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भाजीवालीनं मला मोबाइलवर दाखवला. तो मीच केला आहे हे मी तिला सांगितलं. अभिमानानं सांगितलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

जानरावला ठाण्यात बोलावलं. मारहाण वगैरे काही नाही, विचारपूस. पण सकाळी बोलवायचं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं, असे तीन दिवस. तो एकच सांगत होता: अंगात कणकण होती, बरं वाटत नव्हतं, टाकीवर पाणी प्यालो आणि घरी गेलो. त्यावर त्याला व्हिडिओ दाखवायचे. यात तू पाणी कुठं पितोस ते दाखव. तो पाहायचा आणि गप्प व्हायचा.

चौथ्या दिवशी सकाळी इक्बालभाई आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. काउंटरच्या आत येऊन, पडदा बाजूला करून त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. जिनातला तो कॅमेरा त्यांनीच बसवला होता.

"भाभी, हा तुमी बनवला ना? किती पे बनवला?"

मी म्हटलं, दहा.

"मी तो कॅमेरा सेकंदाले एक फोटोवर लावला हाय."

मला लगेच उलगडा झाला नाही. सेकंदाला एक काढलेला फोटो सेकंदाला दहा दाखवला म्हणजे दहापट वेग, हे गणित चौथीतलं आहे. पण मी ते कधी केलंच नव्हतं. माझ्यासाठी ती चौकट म्हणजे चांगलं दिसण्याची चौकट होती. लग्नाच्या आणि बाळाच्या फोटोंना खरा वेग नसतो, त्यामुळे कधी अडलं नव्हतं.

इक्बालभाई पुढे म्हणाले, त्या गंजीपासून फाटकापर्यंत मी स्वतः केबल टाकली आहे. नव्वद मीटर लागली. तुमच्या व्हिडिओत जानराव ते अंतर अकरा सेकंदांत जातो.

"जानराव इतका पळत असता भाभी," ते म्हणाले, "त जिनात पोते कायले उचलत राह्यला असता?"

ते हसले नाहीत, मीही नाही. मी पेनड्राइव्हची मूळ फाइल उघडली. माझी एक सवय चांगली आहे, गिऱ्हाइकाचे मूळ फोटो मी वर्षभर पुसत नाही. पट्टी न कापलेले साडेतीन हजार फोटो जसेच्या तसे होते. आम्ही दोघांनी ते एकेक करून पाहायला सुरुवात केली. हे मागे येऊन उभे राहिले.

जानराव गंजीच्या आडून बाहेर येतो तिथपासून बोट ठेवत पाहत गेलो. तो चालत होता. घड्याळाचा आकडा एकानं पुढे गेला की तो एक-दीड पाऊल पुढे. आवाराच्या मध्यावर पाण्याची सिमेंटची टाकी आहे. तिथं तो थांबला. नळाखाली ओंजळ धरून वाकला. मग टाकीला टेकून उभा राहिला. आणि उभाच राहिला. पुढचा फोटो तोच, त्याच्या पुढचाही तोच. मी बटण दाबत राहिले. घड्याळ पुढे जात होतं आणि जानराव टाकीला टेकून उभा. दोन मिनिटांच्या वर. हे सगळे फोटो माझ्या सॉफ्टवेअरनं एकसारखे म्हणून फेकून दिले होते. तो माणूस ठाण्यात सांगत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं आणि ते माझ्या टेबलावर काढून टाकलेलं होतं.

मग तो फाटकातून बाहेर गेला. आता धूर येईल म्हणून आम्ही पाहत होतो. पुढचा फोटो रिकामं आवार. त्याच्या पुढचा रिकामं आवार. इक्बालभाईंनी घड्याळ वाचलं. धूर दिसला तो जानराव गेल्यावर तेवीस मिनिटांनी. माझ्या व्हिडिओत त्या तेवीस मिनिटांचा एक सेकंदसुद्धा झाला नव्हता, कारण तेवीस मिनिटं आवारात काहीच हललं नव्हतं.

मग ह्यांनी, जे कधी फारसं बोलत नाहीत, मला सांगितलं की हे शेठना आधी कळवू, ते आपलं माणूस आहेत, ते बघतील काय करायचं ते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेठ चांगले गृहस्थ. पण जानराव त्या वेळी ठाण्यातल्या बाकावर बसलेला असणार, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, शेठना ठाण्यातच बोलावू. ह्यांनी शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, चाल.

मी खऱ्या वेगाचा व्हिडिओ केला. सेकंदाला एक फोटो, एकही न काढता, घड्याळाच्या पट्टीसकट. जानराव दिसतो तिथपासून फाटकाबाहेर जाईपर्यंतचा भाग चार मिनिटांचा झाला. इक्बालभाईंनी त्यांचा लॅपटॉप घेतला आणि आम्ही तिघं ठाण्यात गेलो.

मी आयुष्यात पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढले. आत जाताना बाकावर एक माणूस बसलेला दिसला, हडकुळा, पन्नाशीचा, गुडघ्यावर टोपी ठेवलेला. त्याला मी ओळखलं, त्यानं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं, तेवीस मिनिटांचंही. शेठ आले. लॅपटॉपवर चार मिनिटं आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला. जानराव टाकीला टेकून उभा असताना शेठ चुळबुळायला लागले, पुढे घ्या म्हणाले. इक्बालभाईंनी घेतलं नाही. संपल्यावर शेठ माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुमीच बनवून देल्ला ना? अन् आता तुमीच म्हनता खोटा हाय?"

"फोटो सगळे खरे हायेत शेठ," मी म्हटलं. "मंधातला वेळ मी काढून टाकला. चूक माही हाय."

हे वाक्य मी रस्त्यानं मनात घोकत आले होते. शेठ चिडले नाहीत. त्यांना ते पटत नव्हतं एवढंच. पहिला व्हिडिओ त्यांनी किती वेळा पाहिला असेल, तो त्यांच्या मनात बसला होता. आपली गंजी डोळ्यांदेखत जळालेल्या माणसाला कुणीतरी जाळणारा हवा असतो, हे मी समजू शकते. "मले आधीचाच खरा वाटते," असं ते जाताना म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

साहेब मात्र हिशेबी माणूस निघाले. मला वाटलं होतं, ते आता जानरावला निर्दोष म्हणतील. ते म्हणाले, कापूस आतल्या आत धुमसतो, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. तेव्हा यावरून त्यानं काही केलंच नाही असं होत नाही. पण त्याच्या विरुद्ध जे होतं ते एवढा व्हिडिओच होता, आणि तो आता राहिला नाही. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला. फोटो कसे कापले, किती काढले, आकडा किती ठेवला, सगळं. मी वही सोबत नेली होती, त्यातलंच वाचून सांगितलं. जबाबाखाली सही केली. त्याच दिवशी दुपारी जानरावला घरी सोडलं आणि पुन्हा बोलावलं नाही. आग कशानं लागली ते पुढे ठरलंच नाही. कुणी वायर म्हणतं, कुणी बिडी. मला आजही माहीत नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पहिला व्हिडिओ काही परत येत नव्हता. इक्बालभाईंनी खरा व्हिडिओ त्याच सगळ्या ग्रुपवर टाकला, खाली लिहूनही टाकलं. लोकांनी उघडला, दहा सेकंद पाहिला आणि बंद केला. भाजीवालीला मी स्वतः दाखवला. "यात त काहीच नाही होऊन राह्यलं," ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं. काहीच होत नव्हतं म्हणूनच तर तो दाखवायचा होता. चार मिनिटं एक माणूस चालतो, पाणी पितो, उभा राहतो. असला व्हिडिओ कुणी पुढे पाठवत नाही. अकरा सेकंदांत पळणाऱ्या जानरावचा पहिला व्हिडिओ मात्र पुढच्या उन्हाळ्यातही मला एका लग्नात पाहायला मिळाला. कुणीतरी त्याला गाणं लावलं होतं.

जानराव जिनात परत आला नाही. बोलावलं नाही की तो आला नाही, दोन्ही ऐकलं. त्याच उन्हाळ्यात एके दिवशी मी ह्यांना सांगून पिंपळगाव राजाची बस धरली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. उतरल्यावर दुकानात जानरावभाऊंचं घर विचारलं तर दुकानदारानं उलट विचारलं, "कोन्ता जानराव, व्हिडिओवाला?"

जानरावभाऊ अंगणात सरपणासाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या रचत होते. मी नाव सांगितलं आणि तो व्हिडिओ मी केला होता असं सांगितलं. त्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या, घरात जाऊन खुर्ची आणली, ती पुसली आणि मला बसायला सांगितलं. स्वतः ओट्यावर बसले. ठाण्यात मी येऊन सांगितलं हे त्यांना ठाऊक होतं. ते बरं झालं, म्हणाले. मी माफी मागितली. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग मी विचारलं, खरा व्हिडिओ तुम्ही पाहिला ना? त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्याकडे साधा फोन, बटणांचा. गावातल्यांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला पहिलाच दाखवला होता, पुष्कळ वेळा. ठाण्यातही दुसरा त्यांना न दाखवताच घरी सोडलं होतं. म्हणजे साऱ्या गावानं उघडून बंद केलेली ती चार मिनिटं ज्याची होती, त्यानं ती पाहिलीच नव्हती. मी माझ्या मोबाइलवर लावून दिला. उन्हात दिसत नव्हतं म्हणून ते सावलीत सरकले. मोबाइल दोन्ही हातांनी, डोळ्यांच्या जवळ धरला.

ते पूर्ण चार मिनिटं पाहत होते. टाकीपाशी आल्यावर मान डोलावून हलकंच "हाव" म्हणाले. संपल्यावरही मोबाइल तसाच धरून बसले.

"ताई, एक गोठ सांगू?" थोड्या वेळानं म्हणाले. "मी पानी पेलो, हे मले पक्कं ठाव होतं. पन ठान्यात तीन दिवस थो व्हिडिओ दाखवला मले. तिसऱ्या दिवशी मलेच वाटाले लागलं, का म्या पानी पेलोच नसन. पळूनच आलो असन. अंगात ताप होता, आपल्याले याद नसन." ते थांबले. "चौथ्या दिवशी तुमी दुपारी आले म्हनून. नाही त संध्याकाळी मी हो म्हनून देनार होतो."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे केला, मग पुन्हा मागे घेतला आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. गोदाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, पदर सारखा केला. "इकडे ये, हे पाह्य," जानरावभाऊ म्हणाले. व्हिडिओ पुन्हा कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं, मी लावून दिला.

गोदाबाई उभ्यानंच पाहायला लागल्या. मग खाली बसल्या. जानरावभाऊ मोबाइलकडे पाहत नव्हते, बायकोच्या तोंडाकडे पाहत होते. ती चार मिनिटं फार लांब होती. शेजारच्या घरी कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

व्हिडिओत ते फाटकाच्या बाहेर गेले तसं गोदाबाईंनी ओला हात लुगड्याला पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं, जिथं आता नुसतं रिकामं आवार होतं.

"थकले म्हनजे असेच चालते ते," त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.